साक्षीदार ‘ब’

“नोटीस वाचलीय मी, भाऊसाहेब. पन एकदा तुमच्या तोंडनं ऐकू द्या,” तुळशीराम अवघडे म्हणाला आणि चार घड्या घातलेला कागद त्याने माझ्या टेबलावर ठेवला.

कागद उलगडायच्या आधीच तो कसला आहे ते मला ठाऊक होतं. तरी मी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, पेपरवेट इकडचं तिकडे केलं. वेळ काढायचे जेवढे प्रकार बसल्या जागी करता येतात तेवढे केले. तुळशीराम समोरच्या बाकावर बसून शांतपणे बघत होता.

माझं टेबल कुसळगावच्या तहसील कचेरीच्या दारातच होतं, आत शिरताना डाव्या हाताला. मी मुद्रांक विक्रेता आणि अर्जनवीस. लोक बॉन्डरायटर म्हणायचे. वडिलांच्या माघारी बाविसाव्या वर्षी त्या खुर्चीत बसलो तो साठीपर्यंत तिथेच. खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाचा अर्ज, रेशनकार्डाचा अर्ज, सगळं माझ्या हातून जायचं. बेलसऱ्यांच्या अक्षरातला एक तरी कागद नाही असं घर या तालुक्यात दाखवा, असं मी तेव्हा छाती पुढे काढून म्हणायचो. हल्ली म्हणत नाही.

तुळशीरामचं जुन्या जकात नाक्याजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सातवी शिकलेला, चाळिशीचा, अंगाने काटक. कुठल्या पक्षाचा नाही, कुणाचा माणूस नाही. वस्तीत कुणावर अन्याय झाला की हातातला पाना खाली ठेवून हा त्याच्याबरोबर कचेरीत यायचा आणि पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी थांबायचा. “भाऊसाहेब, सांगतो तसं लिहा, पन तुमच्या भाषेत लिहा,” म्हणायचा. पंधरा वर्षांत त्याचे शंभर तरी अर्ज मी लिहिले असतील. तो मला ‘अहो भाऊसाहेब’ म्हणायचा, मी त्याला ‘अरे तुळशीराम’. आम्ही दोघं एकाच वयाचे होतो, हे त्या वेळी माझ्या कधी डोक्यातसुद्धा आलं नाही.

गेले सहा महिने त्याचा एकच विषय चालला होता. पारधी वस्तीतल्या लिंब्या काळेला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचललं आणि तिसऱ्या दिवशी तो कोठडीत मेला. फौजदार गुंजकर म्हणाले, छातीत कळ आली. लिंब्याच्या बायकोने, छबाबाईने, प्रेताला आंघोळ घालताना पाठ पाहिली होती. तेव्हापासून दर सोमवारी तुळशीराम, छबाबाई आणि वस्तीतली पाच-सहा माणसं कचेरीसमोर पोतं अंथरून बसायची. पुढ्यात एक पाटी : ‘लिंब्या काळे कशाने मेला?’ अकराला बसायची, एकला उठायची, जाताना जागा झाडून जायची. दगड नाही, घोषणा नाही. गुंजकरांना तेच झोंबायचं. दगड मारला असता तर काठी चालवता आली असती.

शेवटी वरून हुकूम आला. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी प्रांतसाहेबांनी करावी. चौकशीची तारीख लागली चोवीस, मंगळवार. त्या दिवशी छबाबाई आणि वस्तीतले दोघं आपलं म्हणणं सांगणार होते. पारधी माणसं कचेरीच्या पायरीवर पाय ठेवायला घाबरतात. साहेब दिसला की पळायचं, हे त्यांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. त्यांना आत घेऊन जाणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या हातात आता ही नोटीस होती.

मी वाचायला सुरुवात केली. सदर इसम हा धोकादायक असून त्याच्या दहशतीमुळे नागरिक उघडपणे तक्रार देण्यास धजावत नाहीत. सबब त्यास हा जिल्हा व लगतचे दोन जिल्हे यांतून दोन वर्षांकरिता तडीपार का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

“तडीपार,” तुळशीराम हसला. “गुंड-मवाल्यास्नी करत्यात तसं. म्होरं वाचा.”

पुढे दोन गोपनीय साक्षीदार होते. नावं नाहीत, नुसतं ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ने नेहमीचंच सांगितलं होतं : बाजारात शिवीगाळ केली, दुकान बंद करायला लावलं. ते मी घडाघडा वाचलं. ‘ब’पाशी आलो आणि चष्मा काढून पुन्हा पुसला.

“साक्षीदार ‘ब’ यांनी जबाबात नमूद केले आहे की, सायंकाळी साडेसहाच्या सुमारास ते घरी जात असता सदर इसमाने त्यांस जुन्या जकात नाक्याजवळील मोकळ्या जागेत, जिच्या पूर्वेस नगरपालिकेचा रस्ता, पश्चिमेस तालमीची भिंत...”

“थांबला का?”

“दक्षिणेस गफूर मिस्त्री यांचे दुकान व उत्तरेस सार्वजनिक विहीर आहे, अशा ठिकाणी अडवून चाकूचा धाक दाखविला व पोलिसांत गेलास तर जिवंत ठेवणार नाही, असा दम भरला.”

तुळशीराम बाकावर जरा पुढे सरकला. मग म्हणाला, “काय झकास लिवलंय. जागा डोळ्यापुढं हुबी ऱ्हाती.”

मी कागदाची घडी घालू लागलो. घडी नीट पडेना.

तो साक्षीदार ‘ब’ मी होतो.

पंधरा दिवसांपूर्वी दुपारी हवालदार फडतरे मला बोलवायला आला होता. “साहेबांनी चहाला बोलावलंय,” म्हणाला. ठाण्यात चहा खरंच आला. चहाबरोबर गुंजकरांनी टेबलावर एक स्टॅम्पपेपर ठेवला. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसासाठी मी मागल्या तारखेचा स्टॅम्प दिला होता, तोच तो. आमच्या धंद्यात हे पाप सगळे करतात आणि सापडतो एखादाच.

“परवाना जाईल तो जाईल, वर फसवणुकीचा गुन्हा,” गुंजकर म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “बेलसरे घराण्यात असं झालेलं बरं दिसणार नाही. तुम्ही आमचं एक काम करा, आम्ही हा कागद विसरतो. नाव कुठे येणार नाही. कायद्यातच तशी सोय आहे.”

फडतरेने जबाब लिहून तयार ठेवला होता. मला फक्त सही करायची होती. मी वाचला. ‘सदर इसमाने गावात एका ठिकाणी मला चाकू दावला’ असं काहीतरी होतं. कोणतं गाव, कुठलं ठिकाण, कशाचा पत्ता नाही. शुद्धलेखनाचा तर सत्यानाश. आणि आता जे सांगणार आहे ते आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या कागदातलं खोटं मला तितकं टोचलं नाही, त्याचा गबाळेपणा टोचला. असला कागद माझ्या सहीने जाणार हे मला बघवेना.

“जागेचं वर्णन असं नसतं,” मी म्हणालो. “कोरा कागद द्या.”

आणि मी बसून सगळा जबाब स्वच्छ लिहून काढला. जागा म्हटली की चतुःसीमा आली. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस काय, उत्तरेस काय. वडिलांनी हाताला लावलेली सवय. जमिनीच्या कागदात लागतात त्या चारही दिशा मी चाकूच्या खोट्या गोष्टीला लावल्या. गुंजकरांनी वाचलं आणि मान डोलावली. “भाऊसाहेब, तुम्ही पोलिसात यायला पाहिजे होतं,” म्हणाले. मला, माझी मलाच किळस येते सांगताना, बरं वाटलं.

“मग? खुलासा लिहायचा न्हवं?” तुळशीराम विचारत होता.

“अरे, वकील दे तू. हे काम वकिलाचं आहे,” मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं. तो जितक्या लवकर टेबलापासून उठेल तितकं मला हवं होतं.

“वकिलाकडं जाऊन आलो. त्यो म्हनतो, साक्षीदार कोन हायेत ते हुडकून काढू आन् भर चौकात उघडं पाडू. मी म्हनलं, नगं. कुनाला उघडं पाडून काय मिळायचं? ज्यांनी लिवून दिलं त्येंच्या मानेवर कुनीतरी सुरी ठेवली आसंल. तुम्ही लिहा.”

मी कागद घेतला. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. मजकूर अर्ध्या पानाचाच. हे सगळं खोटं आहे. मी कुणाला चाकू दाखवलेला नाही, माझ्याकडे पाने आणि पकडी आहेत. माझी एकच विनंती आहे.

“काय विनंती?”

“प्रांतसाहेबांनी दोनी साक्षीदारांस्नी आपल्याम्होरं बोलवावं. येकेकाला. पोलीस भाईर काढावा, दार लावावं आन् येकदाच इचारावं, ह्ये खरं हाय का. ते हो म्हनले, तर मी गपगुमान जातो.”

माझा हात थांबला. “एवढंच? समज, ते हो म्हणाले तर?”

“न्हाई म्हननार,” तुळशीराम म्हणाला. “मानूस येकटा बसला की खरं बोलतो, भाऊसाहेब. चौघांत भितो.”

खाली त्याने सही केली. माझी मजुरी द्यायला लागला तर मी नको म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कागद घेऊन आत गेला.

त्या शुक्रवारी कचेरीचा शिपाई म्हस्कू माझ्या टेबलापाशी आला आणि खाली वाकून कुजबुजला, “प्रांतसाहेबांनी बोलावलंय. मागल्या दारानं या म्हनले.” म्हस्कू आणि मी वीस वर्षांचे शेजारी. दुपारचा डबा आम्ही एकत्र उघडायचो. त्याने का म्हणून विचारलं नाही, आणि त्याने विचारलं नाही म्हणून मला जास्तच भीती वाटली.

प्रांतसाहेब तरुण होते. तिशीचे असतील-नसतील. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी हात जोडून उभा राहिलो तर म्हणाले, “बसा.” साहेबासमोर बसायची मला सवय नव्हती. खुर्चीच्या कडेवर टेकलो.

“गुंजकर बाहेर आहेत. त्यांना मीच बाहेर थांबवलंय,” ते म्हणाले आणि माझा जबाब त्यांनी माझ्यापुढे सरकवला. “हा तुमचा?”

“होय, साहेब.”

“अक्षरसुद्धा तुमचंच दिसतंय.”

“होय, साहेब.”

“हे बघा बेलसरे, हा माणूस तडीपार होणार की नाही ते बऱ्याच अंशी या कागदावर आहे. ‘अ’ काल येऊन गेला. त्याचं काही मला पटलेलं नाही. तुम्ही शिकलेले आहात, रोज माझ्या दारात बसता. म्हणून सरळ विचारतो. कुणी दबाव आणला का?”

मी खाली बघत होतो. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली तालुक्याचा नकाशा होता. त्यात कुसळगाव, त्यात जकात नाका मी शोधत होतो.

“तुमच्या परवान्याची काळजी असेल तर तो पोलीस देत नाहीत आणि काढूनही घेत नाहीत. ते आमचं काम,” साहेब सावकाश म्हणाले. “चूक झाली असेल तर सांगा. मी हा कागद बाजूला ठेवीन. विषय संपला.”

याहून जास्त कुणी कुणाला काय सांगायचं? त्या माणसाने दार सताड उघडून धरलं होतं, मी नुसतं एक पाऊल टाकायचं होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की स्टॅम्पच्या भीतीने माझं तोंड बंद झालं. ते खरं नाही. स्टॅम्पची भीती साहेबांनी त्याच क्षणी काढून टाकली होती. खरं असं की सही केलेला कागद खोटा आहे, असं मी जन्मात कधी म्हटलं नव्हतं. लोकांनी माझ्यापाशी येऊन ‘भाऊसाहेब, कागद फिरवता येईल का’ विचारलं की मी त्यांना हुसकून लावायचो. आता हा माझ्याहून लहान साहेब माझ्याकडे बघणार आणि म्हणणार, म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत, इतक्या सुंदर अक्षरात? ते मला सोसलं नसतं. दुसऱ्याचं घर उठलं तरी चालेल, माझा मान राहिला पाहिजे, एवढीच माझी अक्कल.

“जबाब खरा आहे, साहेब,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेन उघडलं.

“नेटका लिहिलाय,” म्हणाले आणि ‘समक्ष खात्री केली’ असा शेरा मारून खाली सही केली.

अठरा तारखेला हुकूम निघाला. वीसला तुळशीरामला विजापूरच्या गाडीत बसवून देणार होते. तिकडे त्याचा मेहुणा राहायचा. सकाळी म्हस्कू माझ्याकडे निरोप घेऊन आला : तुळशीरामला हुकुमाची नक्कल हवी आहे आणि ती बेलसरे भाऊसाहेबांनीच स्टँडवर आणून द्यावी, असं तो म्हणतो. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

एसटी स्टँडवर गाडी लागली होती. तुळशीराम खिडकीशी बसला होता. खाली त्याची बायको सोजर एक बोचकं कवटाळून उभी होती. ती मागे राहणार होती, दुकान आणि म्हातारी सासू सांभाळायला. हवालदार फडतरे गाडीच्या दारात उभा होता. मला बघून तो ओळखीचं हसला. ते हसू तिथल्या तिथे पुसून टाकावंसं वाटलं.

“सोजर, मास्तरला इचार गाडी कवा सुटायची,” तुळशीराम म्हणाला. ती गेली. मग फडतरेकडे वळून, “हवालदार, कागदाचं बोलतोय. दोन मिंटं.” फडतरेला तंबाखू मळायची होतीच. तो चार पावलं बाजूला झाला.

मी नक्कल खिडकीतून आत दिली. ती न बघता तुळशीरामने खिशात घातली.

“भाऊसाहेब, साक्षीदार ‘ब’ कोन, ते मी कुनाला बोललो न्हाई,” तो म्हणाला. “सोजरलाबी न्हाई. म्होरंबी बोलनार न्हाई.”

मी फडतरेकडे पाहिलं. तो तंबाखूच मळत होता.

“फौजदाराला चतुःसीमा कुठनं सुचायच्या? पैल्या दिशीच वळखलं. म्हनून तर तुमच्याकडं आलो. म्हनलं, वाचताना काईतरी बोलाल. न्हाई बोलला. म्हनलं, साहेबाम्होरं तरी बोलाल.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान चिडता तरी आलं असतं. “जाऊ द्या. मानूस येकदा भितो. रोजरोज न्हाई भीत.”

“तुळशीराम, माझी...”

“ते नगं आता. येक काम करा माझं. येत्या मंगळवारी चोवीस तारीख. छबाबाई यील. संगं दोघं जन हायेत, ते बी तिच्या मागनं येतील, ती आत गेली तर. तिला दारातनं प्रांतसाहेबाच्या खोलीपतुर न्यायचं. पंधरा पावलं हायेत, मी मोजल्याती. कायबी बोलू नका. नुसतं संगं चाला. तुमी कचेरीतलं मानूस, तुमच्यासंगं दिसली तर पोलीस तिला दारात अडवनार न्हाईत. कराल न्हवं?”

“करीन,” मी म्हणालो.

“मी सांगितलंय तिला. म्हनलं, भाऊसाहेब हायेत.”

सोजर परत आली. गाडी सुटली. तुळशीरामने खिडकीतून मला नमस्कार केला, आणि मी तिथे रस्त्यात, फडतरेच्या देखत, दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला. तेवढंच काय ते माझ्याकडून त्याला मिळालं. घरी येताना मला हलकं वाटत होतं. देवाने पापाची परतफेड इतकी सोपी करून दिली, पंधरा पावलांची, असं मनात येत होतं.

सोमवारी संध्याकाळी गुंजकर बुलेटवरून कचेरीच्या दारासमोरून गेले. माझ्या टेबलापाशी त्यांनी गाडी हळू केली. “उद्या गर्दी राहील हो इथे, भाऊसाहेब,” म्हणाले. “कोण कुणाबरोबर येतं-जातं, आमचं लक्ष राहील.” बस, एवढंच. धमकी म्हणावी तर धमकी नाही.

मंगळवारी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, पेनात शाई भरली आणि परत कॉटवर जाऊन पडलो.

“काय होतंय?” बायकोने विचारलं.

“कणकण वाटतेय.”

वत्सलाने कपाळाला हात लावला. “अंग तर गार आहे,” म्हणाली. मी भिंतीकडे कूस वळवली. तिने माझ्या अंगावर चादर टाकली आणि आलं घालून काढा करून आणला. तो मी प्यायलो. दहा वाजले, अकरा वाजले, दोन वाजले. दर थोड्या वेळाने मी ठरवायचो की आता उठतो, अजून उशीर झालेला नाही. घरापासून कचेरी दहा मिनिटांवर. पाच वाजता, कचेरी सुटायच्या वेळी, नगरपालिकेचा भोंगा ऐकू आला तेव्हा माझी सुटका झाली, असं मला वाटलं. अगदी खरं सांगायचं तर हाच शब्द मनात आला.

चौकशीचा अहवाल महिन्याभराने लागला. पुढे कधीतरी कामाच्या निमित्ताने तो माझ्या हाताखालून गेला. त्यात ‘हजर राहिलेले साक्षीदार’ या रकान्यापुढे ‘निरंक’, म्हणजे कुणीच नाही, असं लिहिलं होतं. त्यामुळे लिंब्या काळे छातीत कळ येऊन मेला तो मेलाच. त्या उन्हाळ्यात पारधी वस्ती उठली. कुठे गेली, कुणाला माहीत नाही. तुळशीराम दोन वर्षांनी परत आला तेव्हा सोजरने दुकान कसंबसं टिकवून धरलं होतं. त्यानंतर त्याचे अर्ज पलीकडच्या गल्लीतला एक टायपिस्ट लिहून देई. रस्त्यात भेटला की तुळशीराम थांबायचा. “बरं हाय न्हवं, भाऊसाहेब?” विचारायचा. मी ‘बरं आहे’ म्हणून पुढे सटकायचो.

पण हे सगळं नंतरचं. बुधवारी, पंचवीस तारखेला, मी कामावर गेलो. टेबल मांडत होतो तेवढ्यात म्हस्कू आला. रोजच्यासारखा हसला नाही.

“काल कुठं हुता?”

“ताप होता रे.”

“ती पारधीण आलीती. लिंब्याची बायको,” तो म्हणाला. “धुतलेलं लुगडं नेसून, दहालाच. हितं तुमच्या टेबलाच्या जागंवर उकिडवी बसली. दोघं गडी तिकडं रस्त्यापल्याड हुबे. साडेअकराला आतनं पुकारा झाला. छबाबाई लिंब्या काळे हाजिर हो. म्या तिला म्हनलं, बाई, तुझंच नाव हाय, ऊठ. न्हाई उठली. दुसऱ्यांदा पुकारा झाला. साहेब सोता दारापतुर आलं आन् मला म्हनलं, तिला आत आन. म्या तिच्या हाताला धरलं, म्हनलं, चल, मी येतो तुझ्यासंगं. हात सोडवून घेतला तिनं.”

“का?” मी विचारलं.

“म्हनली, तुळशीरामदादानं सांगितलंय, दुसऱ्या कुनावर इस्वास ठेवू नको. भाऊसाहेब येतील, त्येंच्यासंगंच आत जा. पाचपतुर बसली हुती, भाऊसाहेब. पानी दिलं तर पानीबी नगं म्हनली. रस्त्याकडं बघत बसली हुती.”

म्हस्कू आत निघून गेला. मी खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने एक म्हातारा वारसाचा अर्ज लिहून घ्यायला आला आणि मी त्याला नाव विचारलं.